घाट रंगवण्याआधी

नदीकाठी बसून जलरंगात काम करणाऱ्याला विद्यार्थिदशेपासून एक गोष्ट सांगितली जाते: समोर दिसतं तेवढंच काढ. देऊळ आहे हे विसर, पायरी आहे हे विसर. उजेडाचा एक तुकडा, सावलीचा एक तुकडा आणि मधली एक छटा, एवढंच पाहा. या शिकवणीचा उपयोग मोठा आहे. हाताला बसलेल्या ठरीव सवयी, म्हणजे झाड म्हटलं की हिरवा झुबका आणि पाणी म्हटलं की निळ्या आडव्या रेघा, मोडायला तिच्याइतका चांगला उपाय नाही. पण वाई आणि मेणवलीच्या घाटांवर, कृष्णेच्या काठाने काम करताना माझं मत पक्कं होत गेलं की ही शिकवण चित्रकाराला अर्ध्या वाटेवर सोडून देते. नदीकाठी जे दिसतं त्यातलं पुष्कळसं कुणीतरी, कशासाठी तरी घडवलेलं असतं, आणि ते का घडवलं हे ठाऊक नसलं तर अनेकदा ते दिसतच नाही. इतिहास म्हणजे चित्राखाली लिहायचा मजकूर नव्हे. ब्रश आणि कागद यांच्यासारखंच ते कामाचं साधन आहे. हे विधान काहींना अतिरेकी वाटेल, म्हणून ते घाटाच्या दगडांवरच तपासून पाहू.

वाईचा ढोल्या गणपती घ्या. गावातल्या सात घाटांपैकी गणपती आळीच्या घाटावरचं हे देऊळ गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलं. वाईच्या निसर्गचित्रांचा तो सर्वांत आवडता विषय आहे, आणि चित्रकाराचा सगळा जीव सहसा शिखरात आणि पाण्यातल्या प्रतिबिंबात गुंतलेला असतो. खालच्या भिंती उरकून टाकल्या जातात. पण या देवळाची मागची भिंत साधी सपाट नाही. पुराचं पाणी आदळलं की दोन बाजूंना फाकून निघून जावं म्हणून ती मत्स्याकार बांधलेली आहे. तिचं कारण शोधायला नदीच्या उगमापर्यंत जावं लागतं. कृष्णा क्षेत्र महाबळेश्वरला उगम पावते. तिथे वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, आणि तिथून वाई घाटरस्त्याने जेमतेम ३० ते ३५ किलोमीटर. इतक्या जवळच्या डोंगरावर इतका पाऊस कोसळला की नदी फार वेळ देत नाही. गावात पावसाची भुरभुर असली तरी पाणी पायऱ्या चढत वर येऊ शकतं. बांधणाऱ्यांना हे नेमकं माहीत होतं. ज्या चित्रकाराला ते माहीत आहे तो त्या भिंतीवर एकच सपाट वॉश ओढून पुढे जात नाही. भिंत तिरकी होत गेली आहे, तिच्यावर उजेड सर्वत्र सारखा पडणार नाही, हे तो आधीच धरून चालतो आणि मग तो फरक शोधतो. दुपारच्या उन्हात हा फरक इतका बारीक असतो की कारण माहीत नसलेला डोळा त्याला किरकोळ समजून गाळतो. कारण माहीत असेल तर त्याच बारीक फरकावर चित्र उभं राहतं, कारण तेव्हा आपण नुसतं पाण्यात पडलेलं प्रतिबिंब रंगवत नसतो. पाण्याशी सामना करण्यासाठी उभी केलेली वास्तू रंगवत असतो.

मेणवलीला हीच गोष्ट आणखी स्पष्ट होते. वाईहून काही किलोमीटर वर, नदीच्या वळणावरचं हे गाव औंधच्या भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधींनी १७६८ मध्ये नाना फडणवीसांना इनाम दिलं. नानांनी तिथे वाडा बांधला, नदीला घाट बांधला, घाटावर मेणेश्वराचं आणि विष्णूचं अशी देवळं उभी केली. वाईचे घाट आळ्यांचे आहेत. गंगापुरी, मधली आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह आळी अशी प्रत्येकाची आपली वस्ती, आणि कृष्णाबाईचा उत्सवही प्रत्येक घाट आपापल्या दिवसांत स्वतंत्रपणे करतो. म्हणून वाईचं चित्र आडवं पसरतं. एकामागून एक दर्शनी बाजू येत जातात आणि कुठलीच एक बाकीच्यांवर हुकूम चालवत नाही. मेणवलीचा घाट एका माणसाच्या योजनेतून आला. तो चंद्रकोरीच्या वळणाचा आहे आणि वाडा, देवळं, पायऱ्या आणि पाणी ही सगळी रचना एकाच विचाराने एकमेकांत बसवलेली आहे. वळणदार घाटाचा एक साधा भूमितीचा फायदा असा की सरळ काठापेक्षा पाण्याला टेकलेली पायरी लांब मिळते, तेवढी जास्त माणसं एका वेळी पाण्याशी पोचतात. रेखाटन करताना या वळणाची फार परीक्षा असते. प्रत्येक पायरी म्हणजे एका लंबवर्तुळाचा तुकडा. डोळ्याच्या पातळीकडे जाताना तो चपटा होत जातो आणि खाली येताना फुगतो. नुसत्या नजरेच्या भरवशावर राहिलं तर हात आपोआप पायऱ्या सरळ करतो, कारण पायरी सरळ असते अशी हाताची पक्की समजूत असते. म्हणजे माहिती विसरायला सांगणाऱ्या शिकवणीखालीही एक माहिती काम करतच असते, फक्त ती चुकीची असते. तिला हटवायला बरोबर माहिती लागते.

काठावरच्या दगडाबद्दल मी जितकं वाचलं, ऐकलं तितका माझ्या रंगपाटीवरचा करडा बदलत गेला. हा सगळा दगड काळा बसाल्ट, दख्खनच्या लाव्हाचा, म्हणजे साडेसहा कोटी वर्षांच्या आसपासचा. घाट, भिंती, दीपमाळा, नदीच्या तळाचे खडक आणि समोरचा डोंगर हे सगळं एकाच द्रव्याचं आहे. इथल्या देखाव्याची ही एकजिनसी घडण चित्रात आली नाही तर चित्र परकं वाटतं. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना यांच्या मिश्रणाने जो करडा होतो तो घाटालाही चालतो आणि डोंगरालाही, फक्त पाण्याचं प्रमाण बदलायचं. ओला बसाल्ट काळसर निळा होतो, सुका जवळजवळ मातकट पडतो. पाण्यालगतच्या चारसहा पायऱ्यांत या दोन टोकांमधल्या सगळ्या छटा मिळतात. तयार काळा रंग वापरला की हे सगळं मरतं. जिथे दगडांवर चुन्याचा हात आहे, देवळाच्या शिखरावर सफेदी आहे, तिथेच फक्त द्रव्य बदलतं, आणि म्हणून तिथला कागद कोरा राखणं हा या चित्रातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय ठरतो.

आता पाणी. बहुतेक चित्रकार घाटाकडे जातात ते स्तब्ध प्रतिबिंबासाठी, आणि प्रतिबिंब मिळालं की आपण जुनी, कालातीत नदी रंगवली असं त्यांना वाटतं. प्रत्यक्षात मेणवली आणि वाई या दोन्ही ठिकाणांच्या वरच्या अंगाला धोमचं धरण आहे, साडेतेरा टीएमसीच्या आसपास साठवण असलेलं. त्याचं पाणी डाव्या-उजव्या कालव्यांनी शेतीकडे वळतं. पावसाळा संपल्यावर घाटाच्या किती पायऱ्या उघड्या दिसतील हे आता धरणातून किती पाणी सोडलं जातं, आवर्तन केव्हा सुरू होतं, यावर बऱ्याच अंशी ठरतं. जिथे खाली बंधारा आहे तिथे त्याच्यामागे तुंबलेलं पाणी आरशासारखं पडून राहतं. उन्हाळ्यात वाहत्या डोंगरी नदीचं रूप तसं असायचं कारण नाही. ज्या शांत पाण्याला आपण जुनेपणाची खूण समजतो ते या घाटावरचं सगळ्यात नवं बांधकाम आहे. त्यामुळे त्याचं सौंदर्य कमी होतं असं मी म्हणत नाही. पण ते माहीत झालं की चित्रकाराला निवड करावी लागते. तुंबलेलं पाणी रंगवायचं असेल तर ते तुंबलेलंच रंगवावं, कडेचा शेवाळी हिरवा, काठाशी साचलेला गाळ आणि मंद, जड पृष्ठभाग यांच्यासह. वाहतं पाणी हवं असेल तर पाणी सुटलेलं असताना जावं आणि प्रतिबिंबांचे तुकडे होऊ द्यावेत. आजच्या पाण्यावर दोनशे वर्षांपूर्वीची शांतता चढवणं हे मला पटत नाही. ते पाण्याविषयीही खरं नाही आणि काळाविषयीही नाही.

या मतावरचा पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप निरागस डोळ्याचा. इंग्लंडमध्ये जॉन रस्किनने १८५७ मध्ये चित्रकलेच्या आपल्या पाठ्यपुस्तकात हा विचार मांडला की चित्रकाराने लहान मुलासारखं, रंगांचे नुसते डाग पाहायला शिकावं. योगायोगाने त्याच वर्षी मुंबईत सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट सुरू झालं. आक्षेप घेणारा म्हणेल की मत्स्याकार भिंत, धरण, इनाम हे सगळं कळल्यावर हा निरागसपणा उरणार नाही. माझं उत्तर असं की घाटावर निरागस डोळ्याने कुणीच येत नाही. इतिहास न वाचता घाटावर येणाऱ्याच्या डोळ्यातही एक इतिहास असतो, फक्त तो दुसऱ्याचा असतो. आपल्या कॅलेंडरांवरच्या नदीकाठांची मांडणी आठवून पाहा: पुढे गडद झाड, मधे उजळ पाणी, एका बाजूला देऊळ, मागे धूसर डोंगर, आणि कडेला एकदोन माणसं, आकाराचा अंदाज यावा म्हणून. ही मांडणी अठराव्या शतकातल्या इंग्रजी रम्यदृश्यांची आहे, आणि ती आपल्याकडे आली त्याचा एक धागा मेणवलीच्या मालकापर्यंतच जातो. जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार १७९० च्या दशकात पुण्यात होता. त्याने नाना फडणवीसांचं व्यक्तिचित्र रंगवलं. इंग्रजांचा पुण्यातला रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या पुढाकाराने शनिवारवाड्यात जी चित्रशाळा निघाली तिच्याशी तो जोडलेला होता, आणि गंगाराम चिंतामण तांबट हे गुणी मराठी चित्रकार त्याच्याबरोबर काम करत. वेल्स १७९५ मध्ये वारला. त्याने वेरूळच्या लेण्यांची केलेली रेखाटनं पुढे टॉमस डॅनिएलने छापली, आणि टॉमस आणि विल्यम या डॅनिएल मंडळींच्या चित्रसंचांनी हिंदुस्थानातल्या नद्या, घाट आणि देवळं कशी पाहायची याचा एक साचा घालून दिला. तो साचा इतका मुरला की आज तो साचा आहे हेच दिसत नाही. त्यातून सुटायचा मार्ग निरागसपणाचा नाही. साचा कुठून आला हे कळलं तरच तो बाजूला ठेवता येतो.

याच ठिकाणी एक गोष्ट नोंदवावीशी वाटते. मेणवलीच्या वाड्यात आणि वाईच्या रास्त्यांच्या मोतीबागेत भिंतीवरची मराठा चित्रं आहेत. त्यांत पाहण्याची निराळी रीत आहे: सपाट रंग, ठाम रेषा, एका चित्रात अनेक प्रसंग. घाटावर बसून इंग्रजी पद्धतीचे जलरंग करणारे आपण त्या भिंतींपासून फार दूर बसलेलो नसतो. ती रीत जशीच्या तशी उचलावी असं नव्हे. पण या काठावर डोळ्यांची दुसरी परंपरा नांदत होती याची जाणीव नसणं मला खटकतं.

दुसरा आक्षेप असा की इतिहास कळला की चित्र बोधचित्र होतं, पाठ्यपुस्तकातल्या प्रसंगासारखं. हा धोका खरा आहे. त्याला उत्तर म्हणून मी नेहमी इंग्रज चित्रकार जॉन कॉन्स्टेबलकडे जातो, कारण उघड्यावर नदी पाहणाऱ्यांचा तो मोठा आधार मानला जातो. त्याची स्टूर नदी रानातली मोकळी नदी नव्हती. १७०५ च्या कायद्याने ती नौकानयनासाठी बांधून घेतलेली होती, आणि फ्लॅटफर्डची गिरणी त्याच्या वडिलांची होती. बोटी ओढणारे घोडे, पाण्याचे दरवाजे, बांध हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं होतं. १८१९ च्या त्याच्या मोठ्या चित्रात पांढरा घोडा नावेत उभा आहे, कारण बोट ओढण्याची वाट त्या ठिकाणी नदीच्या दुसऱ्या काठाला जात होती आणि घोड्याला पलीकडे न्यावं लागायचं. १८२५ च्या चित्रात घोडा उडी मारतो आहे, कारण गुरं अडवायला वाटेवर आडवे अडसर घातलेले असत आणि ते ओलांडायला त्या घोड्यांना शिकवलेलं असे. यातली एकही गोष्ट त्याने चित्रात समजावून सांगितलेली नाही. पण घोड्याच्या शरीराचं वजन जिथे पडायला हवं तिथेच पडतं, कारण तो घोडा तिथे का आहे हे रंगवणाऱ्याला माहीत होतं. चित्र बोधचित्र होतं ते माहितीमुळे नाही. माहिती आकारात न उतरता वर तरंगत राहिली की होतं.

यावर कुणी कोल्हापूरच्या आबालाल रहिमानांचं उदाहरण माझ्याविरुद्ध देईल. त्यांनी कोटितीर्थाच्या परिसरात राहून तिथलं पाणी आणि झाडं पुन्हा पुन्हा रंगवली. त्यांच्या जलरंगांतली हवा ओली वाटते, आणि त्यासाठी त्यांना कुठलं दफ्तर चाळावं लागलं नाही. हे मान्य. पण एकाच पाण्याकाठी वर्षानुवर्षं राहणं हेही इतिहास जाणणंच आहे. पाणी केव्हा चढतं, कुठल्या ऋतूत काठ कुठे सरकतो, कोण कधी येतं, हे असा माणूस अंगाने शिकतो. जो तिथे राहत नाही, सुटीच्या दिवशी पुण्याहून येऊन संध्याकाळी परत जातो, त्याच्याजवळ ही शिदोरी नसते. ती कमतरता कागदपत्रांनी, वाचनाने, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून थोडीफार भरून काढता येते. आणि या बाबतीत कृष्णाकाठ फार श्रीमंत आहे. इतिहासकार वि. का. राजवाड्यांना वाईत जे कागद सापडले त्यांच्यावरून मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. नानांचं मेणवली दफ्तर इतिहाससंग्राहक पारसनिसांनी मिळवलं आणि त्यांचा संग्रह पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. मराठी विश्वकोश ज्या गावात बसून तयार झाला त्या गावाच्या घाटाविषयी चित्रकाराने अजाण राहायचं कारण मला दिसत नाही.

तिसरा आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो: हा इतिहास कुणाचा? रास्ते, फडणवीस, पंतप्रतिनिधी, ही इनामदारांची आणि सरदारांची नावं झाली. दगड फोडणारे बेलदार, घडणारे पाथरवट, चुन्याची घाणी हाकणारे, ओझी वाहणाऱ्या बाया यांची नावं घाटावर कोरलेली नाहीत. आक्षेप पूर्ण बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर कमी इतिहास हे नसून अधिक इतिहास हे आहे. या माणसांची नावं नसली तरी काम समोर आहे. दगडांचे सांधे, एका थरावर दुसरा थर कसा बसवला, कुठला दगड मागाहून बदलला, हे चित्रकाराच्या नजरेच्या टप्प्यातलं आहे. नाव शोधणाऱ्या इतिहासकारापेक्षा आकार पाहणारा माणूस तिथे अधिक काही करू शकतो. मनुष्याकृती घालण्याच्या बाबतीत तर हा प्रश्न टाळताच येत नाही. नऊवारीतली, डोक्यावर कळशी घेतलेली स्त्री हा घाटाच्या चित्रातला ठरलेला ऐवज आहे. पण जुन्या काळात कुठल्या पाणवठ्यावर कुणी यायचं हे जातीने ठरलेलं होतं. अस्पृश्य मानलेल्यांना सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ मध्ये झाला, आणि तो कागदावरच राहिला म्हणून २० मार्च १९२७ रोजी महाडला डॉ. आंबेडकरांना चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यावं लागलं. हे आठवलं की पाण्याशी टेकलेल्या शेवटच्या पायरीवर कुणाला उभं करायचं हा निव्वळ तोलाचा प्रश्न राहत नाही. मी आजच्या घाटावर दिसणारी माणसं काढतो: कपडे धुणारी, पोहणारी मुलं, दुचाकी धुणारा, मोबाइलवर फोटो काढणारे. जुन्या काळाची म्हणून सजवलेली गर्दी काढायची तर तिथे कोण नव्हतं हेही काढावं लागेल, आणि ते मला अजून साधलेलं नाही.

अर्थात सगळाच इतिहास चित्राच्या उपयोगाचा नसतो. पेशव्यांच्या घरातल्या गोपिकाबाई रास्त्यांच्या माहेरच्या, त्यातून या घराण्याचं वजन वाढलं, ही माहिती रंजक आहे. तिच्यामुळे भिंतीचा एकही कोन बदलत नाही. मेणवलीला 'स्वदेस' चित्रपटाचं चित्रण झालं, त्यानेही नाही. घाटावरच्या मोठ्या घंटेचं प्रकरण या दोहोंच्या मधलं आहे. चिमाजी आप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेनंतर पोर्तुगीज चर्चमधल्या घंटा मराठी मुलखात आल्या आणि देवळांत टांगल्या गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात एक आहे, मेणवलीची १७०७ सालची आहे. घंटा कुठून आली ही गोष्ट रंगात उतरत नाही. पण घंटा जिच्यात टांगली आहे ती दगडी वास्तू घंटेसाठीच बांधली आहे, गाभाऱ्यासाठी नाही, हे ठाऊक नसलेल्याच्या हातून तिचं छोटं देऊळ होऊन बसतं. तो आत अंधार भरतो, जिथे खरं तर धातूचं वजन टांगलेलं आहे. माझी कसोटी एवढीच: जी माहिती आकाराचं, रंगाचं किंवा पाण्याच्या पातळीचं कारण सांगते ती घाटावर बरोबर न्यावी, बाकीची घरी आनंदाने वाचावी.

शेवटी एक विनंती, आणि ती या सगळ्यातूनच निघते. धोमचं धरण होण्याआधी या काठांवर केलेली जलरंग चित्रं घराघरांत, कलाशाळांच्या कपाटांत पडून असणार. नदी तेव्हा कशी वाहत होती, कुठली पायरी पाण्याखाली होती, काठावर कुठली झाडं होती याचा तो रंगीत पुरावा आहे, पण तारीख नसेल तर तो पुरावा म्हणून वापरता येत नाही. ज्यांच्याजवळ अशी चित्रं आहेत त्यांनी साल, महिना आणि जागा आठवेल तेवढी मागे पेन्सिलीने लिहून ठेवावी, घरातल्या जाणत्या माणसांना विचारून. आणि आज जे घाटावर काम करतात त्यांनी तारीख, वेळ, पाण्याबाहेर किती पायऱ्या मोजल्या आणि धरणातून पाणी सोडलेलं होतं की नाही, एवढं कागदाच्या मागे जरूर लिहावं.